आल्फव्हेन तरंगांच्या वारंवारतेवरून टोकामॅकच्या समतोलाचे प्रतिमान सुधारता येते का?

अंतर्वक्र (प्रश्न)

मी टोकामॅकमधील, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा (तप्त आयनित वायू) कोंडून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रातील, प्लाझ्माच्या समतोलाची पुनर्रचना या विषयावर काम करणारी संशोधक विद्यार्थिनी आहे. समतोलाचे गणित म्हणजे ग्रॅड-शाफ्रानोव्ह समीकरण. त्यातील दोन फलने, एक दाबाचे आणि दुसरे पोलॉइडल (कड्याच्या छेदाभोवती फिरणाऱ्या) प्रवाहाशी निगडित, मोजमापांवरून ठरवावी लागतात. माझ्या हाती हमखास असलेली मोजमापे सगळी प्लाझ्माच्या बाहेरची आहेत: निर्वात पात्राच्या भिंतीलगतची चुंबकीय वेटोळी, चुंबकीय अभिवाह (फ्लक्स) मोजणारी कडी आणि एकूण प्रवाह मोजणारे रोगोव्हस्की वेटोळे. त्यांवरून प्लाझ्माच्या कडेचा आकार उत्तम मिळतो, एकूण दाब आणि अंतर्गत प्रेरकत्व यांचा अंदाजही येतो; परंतु मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपर्यंत प्रवाह कसा पसरला आहे, याविषयी ती जवळजवळ काहीच सांगत नाहीत. आतला प्रवाह थोडा इकडेतिकडे हलवला तरी बाहेरच्या वेटोळ्यांवरचे आकडे तेच राहतात, आणि म्हणून एकाच मोजमापाला शोभणारे अनेक समतोल निघतात.

मोशनल स्टार्क परिणामावर आधारलेले मोजमाप, म्हणजे एमएसई (झोतातील अणूंच्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून आतल्या क्षेत्राची दिशा सांगणारे), ही उणीव भरून काढते हे मला ठाऊक आहे. मात्र त्यासाठी उदासीन कणांचा झोत चालू असावा लागतो, आणि मी ज्या प्रयोगांचा अभ्यास करते आहे त्यांत प्रवाह वाढत असतानाच्या टप्प्यात, जिथे मला आतल्या रचनेची सर्वांत जास्त गरज आहे, तिथे तो झोत बराच वेळ बंद असतो. त्याच टप्प्यात आयन सायक्लोट्रॉन तापन (रेडिओ तरंगांनी आयनांना ऊर्जा देणे) मात्र सुरू असते, आणि चुंबकीय कंपने टिपणाऱ्या मिर्नोव्ह वेटोळ्यांच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे काळानुसार वारंवारतेच्या आलेखात, खालून वर चढत जाणाऱ्या बारीक रेषांची मालिका दिसते. काही रेषा सावकाश चढतात, काही झपाट्याने, आणि एखाद्या क्षणी अनेक रेषा एकदमच उगवतात.

माझा प्रश्न असा आहे की या रेषांमधून समतोलाविषयी नेमके काय वाचता येते, आणि जे वाचता येते ते पुनर्रचनेच्या गणितात बंधन म्हणून घालावे की तयार झालेला समतोल पडताळण्यापुरतेच वापरावे? अनिश्चितता कुठून किती येते, याचा आकड्यांत अंदाज कोणी देऊ शकल्यास फार उपयोग होईल.

तरंगवेध

आपण वर्णन केलेल्या रेषा आल्फव्हेन कॅस्केडच्या असण्याची शक्यता फार मोठी आहे. क्यूचा वक्र, म्हणजे सुरक्षा गुणकाचे (पोलॉइडल दिशेची एक फेरी पूर्ण होईपर्यंत चुंबकीय रेषा टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या लांबीच्या, दिशेने जितक्या फेऱ्या मारते त्या संख्येचे) त्रिज्येनुसार होणारे वितरण, मध्यापासून दूर कुठेतरी किमान मूल्य गाठत असेल, ज्याला आपण उलट्या शिअरची स्थिती म्हणतो, तेव्हाच त्या अशा दिसतात. जपानच्या जेटी-६० यू यंत्रावर अशा चढत्या रेषा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसल्या होत्या. इंग्लंडमधील कलहॅमच्या जेट यंत्रावर २००१च्या सुमारास त्यांचा पद्धतशीर अभ्यास झाला, आणि बर्क, ब्राइझमन, शारापोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा सिद्धांत मांडला. चुंबकीय द्रवगतिकीच्या तरंगांवरून प्लाझ्माची अंतर्रचना ओळखण्याच्या या सगळ्या खटाटोपाला त्याआधीच, १९९३ मध्ये, खुडब्लूड आणि सहकाऱ्यांनी एमएचडी स्पेक्ट्रोस्कोपी असे नाव दिले होते. सूर्याच्या पृष्ठभागाची कंपने मोजून त्याच्या गाभ्याचे प्रतिमान सुधारण्याचे शास्त्र त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

भौतिकी तशी सरळ आहे. चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या आल्फव्हेन तरंगाचा वेग चुंबकीय क्षेत्राच्या सम प्रमाणात आणि वस्तुमान-घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. टोकामॅकमध्ये तरंगाला दोन पूर्णांक चिकटतात, टोरॉइडल दिशेचा एन आणि पोलॉइडल दिशेचा एम; रेषेच्या दिशेने तो किती दाटीने वळतो हे एम भागिले क्यू वजा एन या राशीवर ठरते. क्यूच्या किमान मूल्यापाशी ही राशी त्रिज्येच्या दिशेने सपाट होते, आणि तिथे तरंग पसरून विरून न जाता स्वतंत्र स्पंदन म्हणून टिकून राहतो. म्हणून त्याची वारंवारता अशी येते: (एम भागिले किमान क्यू, वजा एन) गुणिले आल्फव्हेन वेग, भागिले दोन पाय गुणिले मोठी त्रिज्या.

आता आकडे घेऊ. क्षेत्र ३ टेस्ला, मोठी त्रिज्या ३ मीटर, ड्युटेरियमचा प्लाझ्मा आणि घनता दर घनमीटरला ५ गुणिले १०चा १९वा घात इतके इलेक्ट्रॉन धरले, तर आल्फव्हेन वेग सेकंदाला सुमारे ६,५५० किलोमीटर येतो आणि वरच्या सूत्रातील गुणक साधारण ३४७ किलोहर्ट्झ होतो. एन २ आणि एम ४ असलेले स्पंदन घ्या. किमान क्यू बरोबर २ असताना कंसातील राशी शून्य होते. प्रवाह आत झिरपत जाऊन किमान क्यू १.९ पर्यंत उतरला की वारंवारता सुमारे ३६ किलोहर्ट्झ होते, आणि १.७५ ला ती ९९ किलोहर्ट्झच्या जवळ पोहोचते, जिथे ही रेषा कड्याच्या आकारामुळे निर्माण होणाऱ्या टोरॉइडल आल्फव्हेन आयगेनमोडच्या, म्हणजे टीएईच्या, पट्ट्यात शिरते. किमान क्यू काळानुसार कसा उतरत गेला याचा जणू आलेखच ती रेषा काढत असते.

आपण म्हणता त्या एकदम उगवणाऱ्या रेषा तर सोन्याहून मोलाच्या आहेत. किमान क्यू पूर्णांकातून जातो तेव्हा एनच्या प्रत्येक मूल्यासाठी कोणता ना कोणता एम जुळतो, म्हणून सगळ्या रेषा एकाच क्षणी सुरू होतात आणि त्यांचा चढ एनच्या प्रमाणात असतो. अडीचसारख्या अर्ध्या मूल्याला फक्त सम एनच्या रेषा सुरू होतात, आणि ७ भागिले ३ ला केवळ तीनने भाग जाणाऱ्या एनच्या. त्यामुळे कोणत्या क्षणी कोणते एन उगवले याची नुसती नोंद केली, तरी किमान क्यूने कोणती परिमेय संख्या केव्हा ओलांडली हे कळते, आणि या निष्कर्षात घनतेचा संबंधच येत नाही. माझ्या मते कॅस्केडमधून मिळणारी सर्वांत भरवशाची माहिती हीच आहे, वारंवारतेचा आकडा नव्हे. जेटवर पूर्णांकाचा हा क्षण आणि अंतर्गत वहन-अडथळा (उष्णतेची गळती आतच रोखणारा थर) निर्माण होण्याचा क्षण यांचा संबंध अनेक प्रयोगांत दिसला, आणि म्हणूनच तिथे या रेषांकडे इतके बारीक लक्ष दिले गेले.

अनिश्चिततेविषयी लोक सहसा घनतेची धास्ती घेतात, पण हिशेब करून पाहा. वरच्याच उदाहरणात घनता दहा टक्क्यांनी चुकली तर वेग पाच टक्क्यांनी चुकतो. किमान क्यू १.९ असताना त्याने क्यूमध्ये पडणारी चूक ०.००५ इतकीच आहे. वारंवारता वाचताना एक किलोहर्ट्झची चूक झाली तर ०.००३. खरा घोळ दुसरीकडे आहे. प्लाझ्मा दाबता येतो आणि चुंबकीय रेषा वक्र असतात, म्हणून कंसातील राशी शून्य झाली तरी वारंवारता शून्यावर येत नाही. ती एका किमान मूल्यावर थांबते, आणि ते मूल्य तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही साधारण २.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असतील तर वरच्या यंत्रात ते ४० किलोहर्ट्झच्या आसपास येते. दोन्ही भाग वर्ग करून मिळवावे लागतात, म्हणजे ३६ ऐवजी ५४ किलोहर्ट्झ दिसतील. ही दुरुस्ती विसरून आपण ५४ वरून थेट क्यू काढला तर १.९ च्या जागी सुमारे १.८६ मिळेल, आणि ही चूक घनतेमुळे येणाऱ्या चुकीच्या जवळपास दहापट आहे.

त्यावर प्लाझ्माचे फिरणे आहेच. प्रयोगशाळेत दिसणारी वारंवारता म्हणजे प्लाझ्मातील वारंवारता अधिक एन गुणिले फिरण्याची वारंवारता. झोत बंद असताना फिरणे मंद असते, हा आपल्या बाबतीत फायदाच आहे. शिवाय पूर्णांकाच्या क्षणी उगवलेल्या सगळ्या रेषांच्या आरंभीच्या वारंवारता एनसमोर मांडल्या, तर त्या सरळ रेषेत पडायला हव्यात. त्या रेषेचा उतार फिरण्याची वारंवारता देतो आणि छेद वर सांगितलेली किमान वारंवारता देतो. दोन्ही अज्ञात राशी त्याच चित्रातून सुटतात.

समतोलक

तरंगवेध यांनी भौतिकी नेमकी मांडली आहे. मी पुनर्रचनेच्या बाजूने लिहितो, कारण प्रश्नाचा तो भाग अजून उरला आहे.

लाओ आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ईफिटचा, किंवा त्या धर्तीच्या कोणत्याही संगणक-प्रणालीचा गाभा असा असतो की दोन अज्ञात फलने काही गुणांकांत मांडायची, आधीच्या फेरीतील अभिवाह धरून मोजमापांचा प्रतिसाद त्या गुणांकांत रेषीय करायचा, लघुतम वर्गांनी गुणांक काढायचे, आणि अभिवाह स्थिर होईपर्यंत हे चक्र चालवायचे. चुंबकीय वेटोळी या साच्यात सहज बसतात. मध्यावरील क्यूचे बंधनही बसते, कारण मध्यावर क्यू आणि प्रवाहघनता यांचे नाते सरळ आहे. किमान क्यूचे तसे नाही: ते एका संपूर्ण अभिवाह-पृष्ठाभोवतीच्या (चुंबकीय रेषा ज्यावर पसरतात त्या नळीसारख्या पृष्ठाभोवतीच्या) संकलनातून येते, आणि कोणत्या पृष्ठावर ते किमान पडेल हे उत्तर मिळेपर्यंत माहीत नसते. प्रत्येक फेरीत आधीच्या उत्तरातील किमानाची जागा धरून बंधन रेषीय करता येते, पण वक्र सपाट असला की ती जागा फेरीगणिक उड्या मारते आणि गणित स्थिर होत नाही. अशा वेळी बंधन पहिल्या काही फेऱ्या हलके ठेवून पुढे त्याचे वजन वाढवत नेणे हा व्यवहारातला मार्ग आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅस्केड आपल्याला मूल्य देते, ठिकाण देत नाही. किमान क्यू २ आहे हे कळले, तरी ते तीस टक्के त्रिज्येवर आहे की पन्नास टक्के, हे भिंतीवरच्या वेटोळ्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी स्पंदनाची त्रिज्येवरील जागा दाखवणारे मोजमाप लागते. अमेरिकेतील डीआयआयआय-डी यंत्रावर २००६ मध्ये इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन उत्सर्जनाच्या मोजमापातून या स्पंदनांची त्रिज्येवरील रचना उघड झाली आणि ती नोव्हा या प्रणालीच्या गणिताशी ताडून पाहता आली. आपल्या यंत्रावर तसा रेडिओमीटर असेल, तर त्याच्या कोणत्या वाहिनीत ती वारंवारता सर्वांत प्रबळ दिसते एवढे पाहिले तरी किमान क्यूची जागा बऱ्यापैकी पक्की होते. मूल्य आणि ठिकाण अशी जोडी मिळाली की ते बंधन एमएसईच्या एखाद्या वाहिनीइतकेच, किंबहुना अधिक, कामाचे ठरते. नुसते मूल्य असेल तर बाकीचा वक्र पुन्हा आपल्या गुळगुळीतपणाच्या गृहीतकावर सोडलेला असतो, आणि मध्यावरील क्यू किती हे विचारले तर प्रणाली जे उत्तर देईल ते आपणच तिच्या तोंडी घातलेले असते.

फलनांच्या निवडीकडेही पाहावे. दोन-तीन गुणांकांच्या बहुपदीत मध्यभागी पोकळ असलेला प्रवाह मांडताच येत नाही. तिथे कितीही चांगले बंधन घातले तरी प्रणाली त्याच्याशी झगडत राहील आणि चुंबकीय मोजमापांशी जुळणी बिघडेल. उलट्या शिअरसाठी स्प्लाइन (तुकड्यातुकड्यांनी जोडलेला वक्र) वापरणे भाग आहे.

बंधन की पडताळणी, याविषयी माझे मत असे आहे: परिमेय संख्या ओलांडण्याचे क्षण बंधन म्हणून घालावेत आणि त्या क्षणांच्या मधल्या काळातील वारंवारता पडताळणीसाठी राखून ठेवाव्यात. कारण वारंवारतेतून क्यू काढायला घनता आणि तापमान लागतात. ती दोन्ही त्रिज्येवर मांडताना आपण ज्या अभिवाह-पृष्ठांचा आधार घेतो, ती पृष्ठे त्याच समतोलातून आलेली असतात, आणि हा फेरा लक्षात न घेता सगळे एकाच लघुतम वर्गात कोंबले तर अनिश्चितता कागदावर आहे त्यापेक्षा बरीच लहान दिसते. हा फेरा प्रामाणिकपणे हाताळायचा असेल तर बेझच्या पद्धतीने सगळ्या राशींचे एकत्र संभाव्यता-वितरण काढावे लागते. जेट आणि मास्ट यंत्रांसाठी मिनर्व्हा या चौकटीत समतोलाचे तसे काम झाले आहे. परंतु प्रत्येक नमुन्यासाठी स्पंदनांचे पूर्ण गणित करणे महाग पडते, त्यामुळे तिथेही तरंगांचे सोपे सूत्रच वापरणे सोयीचे ठरते.

पडताळणी करताना मात्र सोप्या सूत्रावर थांबू नये. समतोल हेलेनासारख्या प्रणालीतून अधिक अचूक करून मिश्का किंवा कॅस्टर या स्पंदने काढणाऱ्या प्रणालीला द्यावा आणि स्पंदन खरोखर अस्तित्वात येते का, हे पाहावे. ईफिटचा कच्चा समतोल थेट दिल्यास क्यूच्या दुसऱ्या अवकलजातील खडबडीतपणामुळे नसलेली स्पंदने दिसतात आणि असलेली हरवतात.

मितभाषी

दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण काही इशारे द्यावेसे वाटतात, कारण प्रत्येक रेषा समतोलाची साक्षीदार नसते.

स्पंदनांना ऊर्जा देतात ते वेगवान आयन. त्यांचा दाब पुरेसा वाढला की काही स्पंदनांची वारंवारता पार्श्वभूमीच्या प्लाझ्माऐवजी त्या कणांच्या फेऱ्यांच्या गतीवर ठरू लागते. अशा रेषा सहसा काही मिलिसेकंदांत, कधी त्याहून लवकर, झपकन खाली घसरतात. त्यांतून क्यू काढणे म्हणजे प्रश्नच चुकीच्या साक्षीदाराला विचारणे. कॅस्केडचा चढ दहादहा किंवा शेकडो मिलिसेकंदांचा, प्रवाहाच्या झिरपण्याच्या वेगाने ठरणारा असतो. हा फरक आधी पाहून घ्यावा.

टीएईविषयीही अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. त्याची वारंवारता आल्फव्हेन वेग भागिले क्यू या प्रमाणात असते, आणि बाहेरच्या दिशेने जाताना घनता कमी होऊन वेग वाढतो तसा क्यूही वाढतो, त्यामुळे हे गुणोत्तर बऱ्याच त्रिज्येभर फारसे बदलत नाही. जागा ठरवण्यासाठी त्याचा उपयोग म्हणूनच कमी. १९९१ मध्ये टीएफटीआर आणि डीआयआयआय-डी या दोन्ही यंत्रांवर टीएई प्रत्यक्ष दिसले तेव्हापासून त्यांचा मुख्य उपयोग वेगवान कणांची गळती समजून घेण्यासाठी झाला आहे. क्यू मध्यावर एकपेक्षा खाली असताना, सॉटूथ (मध्यभागाचे तापमान हळू चढून अचानक पडण्याचे चक्र) कोसळण्याच्या आधी, एकच्या पृष्ठाच्या आत उमटणारी टीएई ज्यांना टॉर्नेडो मोड म्हणतात, ती मात्र मध्यावरील क्यूविषयी काही सांगू शकतात. सॉटूथच्या काळात मध्यावरील क्यू एकच्या जवळ असतो की ०.७-०.८ इतका खाली राहतो, हा वाद जर्मनीतील टेक्स्टर यंत्रावरील फॅराडे परिभ्रमणाच्या मोजमापांपासून चालत आला आहे, त्यामुळे अशी स्वतंत्र साक्ष तिथे मोलाची आहे.

एन ओळखण्याचे काम हलके समजू नये. टोरॉइडल दिशेने मांडलेल्या वेटोळ्यांतील कलाफरकावरून एन काढतात. वेटोळी मोजकी आणि समान अंतरावर असतील तर एन ३ आणि एन उणे ५ यांत फरक करता येत नाही. वेटोळ्यांच्या स्वतःच्या प्रतिसादातील कला १०० किलोहर्ट्झच्या पुढे एकसारखी राहत नाही, तिचेही अंशांकन हवे. आणि एन जितका मोठा, तितके आतले स्पंदन भिंतीपर्यंत पोहोचता पोहोचता क्षीण होते. जेटवर २००४ मध्ये सूक्ष्मतरंगांचा इंटरफेरोमीटर याच कामासाठी वापरला तेव्हा चुंबकीय वेटोळ्यांना न दिसलेल्या कितीतरी रेषा उजेडात आल्या. वेटोळ्यांत रेषा नाही म्हणजे स्पंदन नाही, असा निष्कर्ष काढू नये.

अंतर्वक्र

आपणा तिघांचे मनापासून आभार. तरंगवेध यांनी सुचवल्याप्रमाणे आरंभीच्या वारंवारता एनसमोर मांडून पाहिल्या. त्या सरळ रेषेत पडतात आणि छेद तापमानावरून काढलेल्या किमान वारंवारतेच्या जवळ येतो, त्यामुळे एनची ओळख बरोबर असावी असे वाटते. रेडिओमीटरच्या वाहिन्याही पाहिल्या आहेत, आणि स्पंदन चाळीस टक्के त्रिज्येच्या आसपास स्पष्ट दिसते.

एक नवीन अडचण मात्र उभी राहिली आहे. प्रयोगाच्या उत्तरार्धात झोत सुरू होतो तेव्हा एमएसई उपलब्ध होते, आणि त्या काळात किमान क्यू पूर्णांक ओलांडत असल्याचे रेषा दाखवतात, तर एमएसई घातलेला समतोल त्याच क्षणी किमान क्यू सुमारे ०.१ ने वर असल्याचे सांगतो. दोन्ही बंधने एकत्र घातली की प्रणाली मधले काहीतरी उत्तर देते आणि दोन्हींशी जुळणी बिघडते. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा?

समतोलक

मधल्या उत्तरावर तरी नक्कीच नाही. दोन मोजमापे एकमेकांशी विसंगत असतील तर त्यांची सरासरी काढण्याआधी विसंगतीचे कारण शोधावे. वजने बदलून तिच्यावर पांघरूण घालता येते, पण मग त्या समतोलावर उभे केलेले स्थिरतेचे सगळे गणित डळमळीत राहते.

पहिला संशय त्रिज्येच्या दिशेतील विद्युतक्षेत्राचा घ्यावा. एमएसईमध्ये झोतातील अणू चुंबकीय क्षेत्रातून धावताना त्यांना जाणवणाऱ्या विद्युतक्षेत्राची दिशा मोजली जाते. प्लाझ्माचे स्वतःचे विद्युतक्षेत्र त्यात मिसळते, आणि झोताने प्लाझ्मा जोरात फिरवला किंवा दाबाचा उतार तीव्र झाला की ही भेसळ नगण्य राहत नाही. टीएफटीआर आणि डीआयआयआय-डीवर १९९०च्या दशकातच हे लक्षात आले होते, आणि वेगवेगळ्या कोनांतून पाहणाऱ्या वाहिन्यांची जोडी वापरून दोन्ही परिणाम वेगळे करण्याची पद्धत तेव्हापासून रूढ आहे. आपल्याकडे एकाच कोनातील वाहिन्या असतील, तर कार्बनच्या फिरण्याच्या मोजमापावरून विद्युतक्षेत्र काढून दुरुस्ती करावी लागेल. झोत सुरू होण्याआधीच्या काळात विसंगती नव्हती आणि झोत सुरू झाल्यावर आली का, हे थेट तपासता येणार नाही, कारण झोताशिवाय एमएसईच नाही. परंतु झोताची शक्ती पायरीपायरीने वाढवलेला एखादा प्रयोग संग्रहात असेल, तर विसंगती शक्तीबरोबर वाढते का हे पाहता येईल.

दुसरा संशय ध्रुवीकरणाच्या अंशांकनाचा. एका अंशाच्या अंशभागाएवढी चूकही मध्यभागी क्यूमध्ये बरीच मोठी होऊन दिसते, कारण तिथे पोलॉइडल क्षेत्र मुळातच क्षीण असते. भिंतीलगतच्या आरशांवर थर बसून हे अंशांकन हळूहळू सरकते. पूर्णांक ओलांडण्याच्या क्षणाला असे कोणतेही अंशांकन लागत नाही. म्हणून एन निश्चित असेल, आणि तो झाला आहे असे आपण म्हणता, तर माझे वजन रेषांच्या पारड्यात जाईल: त्या क्षणावर एमएसईचा शून्यबिंदू बेतून घ्यावा, आणि मग त्याच अंशांकनाने प्रयोगातील इतर क्षण पाहावेत. पुढच्या परिमेय संख्येपाशी, समजा तीन द्वितीयांशापाशी, तो समतोल पुन्हा रेषांशी जुळला, तर दुरुस्ती खरी. जुळला नाही, तर चूक शून्यबिंदूत नसून विद्युतक्षेत्रात आहे, कारण ती काळानुसार बदलते आहे.

तरंगवेध

समतोलक यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून एवढेच लिहितो की फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ईटर या टोकामॅकमध्ये हा प्रश्न अधिक टोकाचा होणार आहे. तिथे क्षेत्र ५.३ टेस्ला आणि मोठी त्रिज्या ६.२ मीटर आहे. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या मिश्रणात घनता १०चा २०वा घात धरली तर आल्फव्हेन वेग सेकंदाला सुमारे ७,३०० किलोमीटर येतो, तर संमीलनातून जन्मणाऱ्या ३.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या अल्फा कणांचा वेग १३,००० किलोमीटर असतो. म्हणजे स्पंदनांना ऊर्जा देणारे कण तिथे आपोआपच असतील. त्यासाठी आयन सायक्लोट्रॉन तापनाची वाट पाहावी लागणार नाही. दुसरीकडे, न्यूट्रॉनांच्या माऱ्यात आणि भिंतीच्या झिजेत एमएसईचे आरसे टिकवणे अवघड आहे. मात्र त्या आकाराच्या यंत्रात सहज उठणारी स्पंदने मोठ्या एनची असतील, आणि मितभाषी यांनी सांगितल्याप्रमाणे ती भिंतीवरच्या वेटोळ्यांना नीट दिसणार नाहीत. तिथे आतील घनतेचे कंपन पाहणारे रिफ्लेक्टोमीटर आणि इंटरफेरोमीटर यांच्यावरच ही पद्धत उभी राहील.

इथले काही वाचक गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य-यू वर काम करतात, त्यांच्यासाठी एक टीप: पाऊण मीटर त्रिज्येच्या आणि वेगवान कणांचा मोठा साठा नसलेल्या यंत्रात कॅस्केडची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. पण तिथे एम २, एन १ चे टेअरिंग मोड (चुंबकीय रेषा तुटून जोडल्याने बेटांसारख्या रचना तयार करणाऱ्या अस्थिरता) नियमित दिसतात, आणि त्यांची त्रिज्येवरील जागा मऊ क्ष-किरणांच्या मोजमापावरून ठरवता आली, तर क्यू २ कुठे आहे याचे बंधन त्याच तत्त्वाने समतोलात घालता येते. बेटाच्या रुंदीएवढी अनिश्चितता मात्र तिथे मान्य करावी लागते.

अंतर्वक्र, आपल्या प्रयोगात तीन द्वितीयांशाच्या आसपास सम एनच्या रेषाच तेवढ्या सुरू होताना दिसतील, त्यामुळे पूर्णांकाइतके ठळक चित्र मिळणार नाही. एन २ आणि एन ४ एकाच क्षणी उगवतात आणि एन १ व एन ३ गैरहजर असतात, हीच खूण शोधावी. आणि स्पेक्ट्रोग्राम काढताना खिडकी लहान ठेवावी, नाहीतर चढत्या रेषेचा आरंभ पुसट होऊन ओलांडण्याचा क्षणच काही मिलिसेकंदांनी सरकतो.